कॅट काढला, आजार गाडीतच राहिला

आज जरा लाजतच बोलणार आहे, कारण चूक माझीच आहे.

आमच्याकडे बाबांची 1998 ची मारुती 800 आहे, कार्बोरेटरवाली. बाबा तेव्हा मुंबईत नोकरीला होते, गाडी तिथलीच. म्हणून तिच्या सायलेन्सरच्या पाइपात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर होता. गॅरेजवाले त्याला नुसतं 'कॅट' म्हणतात. 1 एप्रिल 1995 पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासमधल्या नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला. त्यासाठी पेट्रोल शिसं नसलेलं लागतं. शिसं बसलं की कॅट निकामी.

आता गाडी पौडजवळ आमच्या घरी असते. गेल्या वर्षी ती ताम्हिणीचा चढ चढेना. दुसऱ्या गिअरलाही धाप लागायची. गॅरेजमध्ये म्हणाले, "दादा, कॅट चोक झालाय. जुनी भानगड आहे, काढून सरळ पाइप मारू." टॅपेट कव्हरवरून एअर फिल्टरकडे जाणारा रबरी पाइपही काढला आणि तोंडाला बूच मारलं. "हे पण पोल्युशनचंच." मी हो म्हणालो. गाडी पळायला लागली, मी खूश!

जुलैमध्ये आईला घेऊन माणगावला निघालो. पाऊस कोसळत होता, काचा बंद. पेट्रोलचा वास येत होता, पण जुन्या गाडीला वास असायचाच, म्हणून सोडून दिलं. ताम्हिणीत आईचं डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं. वाटलं, घाट लागला असेल. मग माझंही डोकं जड झालं. घाट मला कधीच लागत नाही. गाडी बाजूला घेतली, बंद केली आणि दोघं पावसात भिजत उभे राहिलो. थोड्या वेळाने बरं वाटलं. आई म्हणाली, "गाडीतच काहीतरी आहे रे."

होतंच. सरळ पाइपचं वेल्डिंग गळत होतं आणि गाडीच्या तळाला एक रबरी बूच निघालेलं होतं. धूर आत येत होता. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बंद गाडीत तो जीव घेतो.

दुसऱ्या मेकॅनिककाकांनी आधी कार्बोरेटर उघडला. फ्लोटची नीडल झिजलेली. पेट्रोल जास्त जात होतं, प्लग काळे पडलेले. अर्धवट जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं, आतली जाळी तापून वितळते आणि वाट बंद होते. काका म्हणाले, "कॅट चोक झाला हे खरं. पण का झाला, हे कुणी विचारलं का?" आम्ही तुंबलेली वाट मोकळी केली होती, आजार तसाच होता. वर पेट्रोल जास्त असलं की कार्बन मोनॉक्साइडही जास्त बनतो.

आणि तो रबरी पाइप? पिस्टनच्या कडेने खाली उतरलेला गॅस तो परत इंजिनात जाळायला नेतो. बूच मारल्यावर आत प्रेशर वाढलं आणि सीलमधून ऑइल झिरपायला लागलं.

मग कार्बोरेटरचं किट टाकलं, नवीन कॅट बसवला, रबरी पाइप जागेवर लावला, तळाची भोकं बुजवली. आमच्या गाडीच्या वयाला पीयूसीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आहे. सरळ पाइपवर आकडा त्याच्या वर होता. आता आरामात पास होते. घाटही चढते.

तुमच्या घरी अशी गाडी असेल तर काही कापण्याआधी व्हॅक्यूम गेज लावून घ्या. इंजिन 2,500 आरपीएमवर धरा. सुई हळूहळू खाली घसरत राहिली, तर पाइप तुंबल्याची शंका घ्या. मग प्लग बघा, कार्बोरेटर बघा. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीने दिलेल्या रचनेत मनासारखे बदल करू देत नाही. "विंटेज आहे" म्हणूनही सुटका नाही. सरकारी हिशेबात विंटेज म्हणजे 50 वर्षांच्या पुढची. आपली 800 अजून तरणीच आहे!

आई परवा पुन्हा गाडीत बसली. काच मात्र चार बोटं उघडीच ठेवली तिने. मी काही बोललो नाही.

चला, भेटू पुढच्या भागात.