काचेवरील चांदीची बेटे



मोहने हे उल्हास नदीच्या काठचे गाव. नॅशनल रेयॉनच्या कारखान्यामुळे त्याचे नाव दूरवर गेले. तो कारखाना 2009 साली बंद पडला. नदी मात्र वाहतच आहे, आणि कल्याण-डोंबिवलीकरांची तहान भागविण्यासाठी तिचे पाणी येथून उपसले जाते. डोळ्यांस निर्मळ दिसणाऱ्या पाण्यात काय विरघळले आहे, हे ओळखावे कसे? या कामी साधी काचही साह्य करू शकते.

काच वरून अचल दिसते. पण तिच्या जाळीत सोडियमचे धनभारित कण अडकलेले असतात. उष्णता सुमारे 300 अंश सेंटिग्रेडपर्यंत चढविली म्हणजे ते हिंडू लागतात. अशा वेळी चांदीचा क्षार मिसळलेल्या वितळत्या रसात काच बुडविली, तर सोडियम बाहेर पडतो व त्याची जागा चांदी घेते.

पुढचे काम विजेचे. तापलेल्या काचेवर नक्षीदार धनध्रुव टेकवून काही शे व्होल्टांचा दाब देतात. सजातीय भार एकमेकांस दूर लोटतात. म्हणून ध्रुव टेकला तेथील चांदी खोल सरकते, नक्षीच्या खाचांखालची जागीच राहते. शेवटी हायड्रोजन वायूत काच तापविली की ही उरलेली चांदी धातुरूप होऊन पृष्ठभागी येते आणि तिची इवली बेटे बनतात. त्यांचे माप नॅनोमीटरांत, म्हणजे मीटरच्या शंभर कोटीव्या भागांत, मोजावे लागते!

आता यांचा उपयोग पाहा. पदार्थावरून विखुरणाऱ्या प्रकाशाचा काही अंश रंग बदलतो आणि त्यावरून तो पदार्थ ओळखता येतो, हे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1928 साली दाखविले. ही खूण फार फिकट असते. परंतु पदार्थ खडबडीत चांदीवर बसला असता ती कितीतरी पटींनी उजळते, असे 1974 साली इंग्लंडातील साउथहॅम्प्टन येथील प्रयोगांत दिसून आले. बेटांमधील अरुंद फटींत प्रकाशाचे बल एकवटते, हे त्याचे मुख्य कारण. म्हणून अशा काचेवर पाण्याचा थेंब ठेवून त्यातील अत्यल्प रंगद्रव्य किंवा कीटकनाशक हुडकता येते.

अर्थात प्रत्येक विष चांदीस चिकटत नाही, आणि चांदी हवेत काळवंडते. तेव्हा प्रयोगशाळेतील इतर कसोट्या सुटत नाहीत. शिवाय काच पाणी शुद्ध करीत नाही, ती केवळ साक्ष देते. ती साक्ष ऐकून नदीत काय सोडावे व काय सोडू नये, हे ठरविणे मात्र काठावरच्या माणसांच्याच हाती आहे.