दाब ठरलेला, श्वास बदलता

आपण श्वास घेतो तेव्हा छाती फुलते आणि हवा आत ओढली जाते. व्हेंटिलेटर नेमकं उलटं करतो, हवा आत ढकलतो. 1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांच्या सल्ल्याने रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी बसवली गेली आणि वैद्यकीय विद्यार्थी रात्रंदिवस, आळीपाळीने, हातांनी रबरी पिशवी दाबत राहिले. पुढे ते काम यंत्राकडे गेलं.

पण ढकलायचं किती? एक रीत हवेचं माप ठरवण्याची, दुसरी दाब ठरवण्याची. दुसऱ्या रीतीत डॉक्टर यंत्राला सांगतात: पाण्याच्या वीस सेंटिमीटर उंचीइतका दाब, त्यापुढे नाही. दोन टाक्या जोडल्या की पाणी आधी वेगाने वाहतं आणि पातळी जुळत आली की मंदावतं, तशीच ही हवा.

यातली गंमत, खरं तर जोखीम, अशी की दाब तोच राहतो, हवा मात्र बदलते. न्यूमोनियाने फुप्फुस ताठरलं किंवा नळीत कफ अडकला, तर त्याच दाबात हवा कमी जाते. म्हणून परिचारिकेची नजर पडद्यावरच्या मिलिलिटरच्या आकड्यावर हवी. उलट फुप्फुस सुधारलं की तोच दाब जास्त हवा भरतो. मग तो उतरवायचा.

फुप्फुसांना गंभीर सूज असेल, तर एका श्वासाला वजनाच्या किलोमागे साधारण 6 मिलिलिटर हवा पुरते. हे किलो मात्र काट्यावरचे नव्हेत, रुग्णाच्या उंचीवरून काढलेले.