नैतिकतेची प्रश्नावली आणि श्रावकाची आलोचना



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानासाठी निवडलेला हा विषय काही श्रोत्यांना परका वाटण्याचा संभव आहे. महाजालावर स्वतःच्या स्वभावाची चाचणी घेणे हा आता तरुण पिढीचा नित्याचा छंद झाला आहे. कोणता व्यवसाय मानवेल, कोणाशी पटेल, येथपर्यंत त्याकडे कौतुकाने पाहता येत होते. परंतु योग्य काय आणि अयोग्य काय याचा निवाडा मनुष्य कसा करतो, याचीही परीक्षा संगणकाच्या पडद्यावर काही मिनिटांत होते आणि शेवटी एक रंगीत आलेख हाती पडतो. घरातील वडीलधारी मंडळी तो हसण्यावारी नेतात, अथवा मुलाच्या 'पावित्र्या'ला कमी गुण मिळाले म्हणून चिंतेत पडतात. दोन्ही प्रतिक्रिया उतावळ्या होत. वस्तू घेण्यापूर्वी ती उलटून-पालटून पाहावी, हा व्यवहारातील साधा नियम येथेही लागू आहे.

या चाचण्यांपैकी बहुचर्चित चाचणी म्हणजे 'मॉरल फाउंडेशन्स क्वेश्चनेअर'. जोनाथन हाइट, जेसी ग्रॅहम आणि त्यांचे सहकारी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ती सिद्ध केली आणि २००७ मध्ये सुरू झालेल्या 'युअर मॉरल्स' या संकेतस्थळामुळे ती सर्वदूर पोहोचली. या अभ्यासकांच्या मते मानवी नीतिबुद्धी पाच आधारांवर उभी असते : दुःखिताविषयी कळवळा, न्याय, स्वजनांशी निष्ठा, अधिकाराविषयी आदर आणि पावित्र्य. दीर्घकाळ प्रचलित असलेल्या आवृत्तीत ३० प्रश्न असून प्रत्येक उत्तराला ० ते ५ असे गुण आहेत. त्याखेरीज दोन प्रश्न निव्वळ पहाऱ्यासाठी ठेवलेले आहेत. एखादी व्यक्ती गणितात हुशार आहे की नाही, ही बाब नैतिक निर्णयात किती महत्त्वाची, असे त्यांपैकी एकात विचारले आहे. त्याला भरघोस गुण देणारा मनुष्य प्रश्न न वाचताच उत्तरे देत सुटला आहे, हे परीक्षकाच्या तत्काळ ध्यानात येते. (गणितात हुशार असणे हाच सदाचार मानणारी काही दुकाने बाजारात आहेत, ही गोष्ट निराळी.)

या चाचणीच्या जडणघडणीत भारताचा वाटा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. रिचर्ड श्वेडर या मानववंशशास्त्रज्ञाने ओडिशातील भुवनेश्वर येथे लोकांच्या नैतिक समजुतींचा दीर्घ अभ्यास केला होता. त्यांच्याच प्रेरणेने हाइट १९९३ मध्ये तेथे तीन महिने राहिले. ज्या घरी भोजनास बोलावणे येई, तेथील स्त्रिया वाढून मुकाट्याने आत निघून जात. समतेच्या संस्कारात वाढलेल्या त्या पाहुण्याला प्रथम हे खटकले. पुढे यजमानांविषयी आपुलकी निर्माण झाली, तेव्हा त्यांच्या कुटुंबधर्मालाही काही आधार आहे, कर्तव्य आणि पावित्र्य यांची एक निराळी भाषा आहे, हे त्यांच्या लक्षात आले. स्त्रियांना आत पाठविणारी ती प्रथा योग्यच होती, असे यावरून ठरत नाही. परंतु विरोधी मताच्या मनुष्याला दुष्ट न मानता तो कोणत्या बाजूने पाहतो याचा शोध घेणे, ही वृत्ती अनेकांतवादाच्या उपासकांना परकी वाटू नये.

आता आलेखाविषयी. त्या संकेतस्थळावर उत्तर देणाऱ्याच्या स्तंभाशेजारी तुलनेसाठी अमेरिकेतील उदारमतवादी आणि परंपरावादी यांचे सरासरी स्तंभ दाखविले जात. उदारमतवादी कळवळा आणि न्याय यांना अधिक मोल देतात, तर परंपरावादी पाचही आधारांना जवळपास सारखे, असा या संशोधकांचा २००९ मधील प्रसिद्ध निष्कर्ष आहे. पुण्याच्या किंवा सांगलीच्या श्रावकाच्या मुलाने या दोन परक्या मापांमध्ये स्वतःला उभे करून आपण कोण ते ठरवावे, हा प्रकार गजाच्या पट्टीने तूप मोजण्यासारखा आहे. शिवाय अशा प्रश्नावल्या समूहांची तुलना करण्यासाठी घडविलेल्या असतात. एका व्यक्तीवर शिक्का मारण्याचे काम त्यांच्याकडून अपेक्षित नाही.

तथापि याहून महत्त्वाचा मुद्दा पुढेच आहे. असहाय प्राण्याला इजा करणे हे अत्यंत निंद्य कृत्यांपैकी एक आहे काय, अशा आशयाचा एक प्रश्न या चाचणीत आहे. जैन कुळातील कोणीही व्यक्ती तेथे विचार न करता पाच गुण देईल. शील आणि पावित्र्य यांविषयीच्या प्रश्नांनाही बहुधा भरघोस गुण मिळतील. दोन्ही स्तंभ उंच जातील आणि आलेख पाहून कुटुंबीयांना समाधान वाटेल.

याच कुटुंबातील विवाहाची खरेदी डोळ्यांसमोर आणावी. शालूचे रेशीम ज्या कोशांपासून निघते, ते कोश आतील जीव पाखरू होऊन बाहेर पडण्यापूर्वीच वाफेत किंवा उष्णतेत ठेवले जातात. पाखरू कोश भेदून बाहेर पडले की कित्येकशे मीटर लांबीचा अखंड धागा तुटतो आणि रेशमाची झळाळी व किंमत दोन्ही घटतात. एका साडीसाठी असे हजारो कोश खर्ची पडतात. हे सर्व त्रस जीव होत, ज्यांच्या संकल्पी हिंसेचा त्याग श्रावकाच्या पहिल्या अणुव्रतातच सांगितलेला आहे. पुन्हा हेच रेशीम महाराष्ट्रात सोवळ्याचे वस्त्र म्हणून शुद्ध मानले गेले. देवपूजेसाठी रेशमी वस्त्र नेसण्याची प्रथा जैन मंदिरांतही अनेक ठिकाणी आहे, आणि तिला विरोध करणारेही समाजात आहेत. म्हणजे एकाच वस्त्रात पावित्र्याला पाच गुण आणि कळवळ्याला शून्य. प्रश्नावली हे दोन प्रश्न निरनिराळे विचारते, त्यांना समोरासमोर आणीत नाही. त्यामुळे उत्तर देणाऱ्याचे दोन्ही स्तंभ उंच राहतात आणि कपाटातील शालूवर कोणाची दृष्टी जात नाही.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे, तर हा व्हाउचरवाचून मांडलेला ताळेबंद आहे. बेरजा जुळतात, परंतु माल गोदामात आहे की नाही, हे कोणी मोजलेले नसते.

जैन परंपरेतही प्रश्नावल्या आहेत. सहा लेश्या समजावून देण्यासाठी सांगितली जाणारी जांभळाच्या झाडाची कथा सर्वांना परिचित आहे. भुकेलेल्या सहा वाटसरूंपैकी एक झाड मुळासकट उपटू पाहतो, दुसरा मोठी फांदी तोडू म्हणतो, आणि असे उतरत उतरत सहावा जमिनीवर पडलेली फळेच वेचून तृप्त होतो. भूक सर्वांचीच भागणार आहे. त्यासाठी किती नाश करावयाचा, एवढेच तेथे तपासले जाते, आणि लेश्या पालटू शकते. प्रतिक्रमणातील अतिचारांची उजळणी तर याहून काटेकोर आहे. अचौर्य व्रताच्या संदर्भात चोरी वाईट आहे काय, असे कोणी विचारीत नाही. चोरीचा माल घेतला काय, राज्याचे निर्बंध चुकवून व्यापार केला काय, मापात कमी दिले काय, हलका माल भारी म्हणून विकला काय, अशी विचारणा होते. त्यावर पुन्हा केले, करविले आणि अनुमोदिले असे तीन रकाने आहेत. रेशमाच्या बाबतीत ग्राहक स्वतः कोश उकळीत नाही. त्याची नोंद दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात होते.

अर्थात अतिचारांची ही यादी दरवर्षी मुखोद्गत म्हटली जाते आणि पुष्कळदा तीही न वाचता भरलेल्या प्रश्नावलीसारखीच होते. तिच्यात गणिताच्या प्रश्नासारखा पहारा कोणी ठेवलेला नाही. या एका बाबतीत परदेशी विद्वानांची युक्ती उसनी घेण्यास हरकत नसावी.

तरुणांनी ही चाचणी अवश्य द्यावी. मात्र आलेख हाती आल्यावर, ज्या ज्या प्रश्नाला पाच गुण दिले त्याच्यासमोर गेल्या एका वर्षातील स्वतःचे एक कृत्य लिहावे. नाव घालू नये आणि कागद कोणाला दाखवू नये. कोश न उकळता, पाखरू निघून गेल्यावर सूत कातून विणलेले 'अहिंसा सिल्क' आंध्र प्रदेशात कुसुमा राजय्या यांच्या प्रयत्नांतून बाजारात आले आहे. ते महाग आहे, त्याला नेहमीच्या रेशमाची झळाळी नाही आणि लग्नाच्या छायाचित्रांत ते साध्या कापडासारखे दिसते. पुढल्या लग्नसराईत दुकानाच्या गादीवर दोन्ही थाने शेजारी शेजारी उलगडली जातील, तेव्हा सासू, सून आणि पैसे मोजणारा सासरा यांपैकी प्रथम कोण बोलते, तेवढे पाहावे.