पायातलं रक्त वर कसं चढतं?



समजा, तुम्ही पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला पायी निघालात.
चालताना हृदयाचे ठोके वाढतात.
कारण पायांच्या स्नायूंना जास्त प्राणवायू लागतो.

हृदयाच्या डाव्या बाजूतून रक्त शरीरभर जातं…
परत येतं ते उजव्या बाजूत.
तिथून फुप्फुसांत.
प्राणवायू घेऊन, पुन्हा डाव्या बाजूत.

आता खरी नवलाची गोष्ट.
पायातलं रक्त वर चढतं कसं?
हृदयाचा जोर तिथून परतताना बराच ओसरलेला असतो.
मदतीला येते पोटरी!
पाऊल टाकलं, की पोटरी आवळते.
आतल्या शिरा दाबल्या जातात…
रक्त वर सरकतं.
शिरांमध्ये झडपा असतात, विहिरीतल्या पंपाच्या फूटव्हॉल्व्हसारख्या.
त्या रक्ताला मागे येऊ देत नाहीत.

पुन्हा सांगते.
हृदय रक्त पाठवतं…
पोटरी ते वर आणायला मदत करते.

नुसतं उभं राहिलं, की पोटरी फारशी आवळत नाही.
म्हणून दुकानात दिवसभर उभं राहणाऱ्यांचे पाय सुजतात.
त्यांनी अधूनमधून टाचा उचलाव्यात, चार पावलं चालावं.

मात्र एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली,
तर चोळत बसू नका.
लगेच डॉक्टरांना दाखवा.
आणि चालताना छातीत दाब आला, दरदरून घाम फुटला,
तर तिथंच थांबा… १०८ ला फोन करा.