मातीविना मिरची



भज्याच्या मिरचीवरचे व्याख्यान ऐकायला माणसे घराबाहेर पडतील, अशी आम्हांला खात्री नव्हती. मिरची हा खाण्याचा विषय, ऐकण्याचा नव्हे. पण आमच्या जुळे सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, आणि गच्चीवर भाजी लावू पाहणाऱ्याला पहिला जाब घरातच द्यावा लागतो. ‘पिंपातले पाणी माणसांनी प्यायचे की झाडांनी?’ या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही मातीविना शेतीपाशी आलो.

झाडाला मातीच लागते असे नाही. मुळांना पाणी, हवा आणि विरघळलेले क्षार मिळाले की भागते, हे जर्मन शास्त्रज्ञांनी १८६० च्या सुमारास दाखवून दिले. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठातील गेरिके यांनी पाण्यावर टोमॅटोचे उंच वेल वाढविले आणि १९३७ साली ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव प्रचारात आणले. कुंडीला घातलेले पाणी बरेचसे तळातून वाहून जाते. झाकलेल्या बादलीतले बहुतेक झाडाच्याच पोटात जाते. या हिशेबावर आम्ही भाळलो.

बारा बादल्या आणल्या, भावनगरी मिरचीची रोपे लावली, माशांच्या पेटीला असतो तसला हवेचा पंप बसविला. खतांत पहिली फजिती झाली. कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट यांची दाट द्रावणे आम्ही एकाच डब्यात ओतली. तळाशी पांढरा साका बसला. झाडांचा चुना डब्यातच राहिला. ती वेगवेगळी ठेवून भरपूर पाण्यात एकामागून एक मिसळायची असतात. दुसरी अडचण बोअरच्या जड पाण्याची. मिरचीला पाण्याचा सामू साडेपाच ते साडेसहा मानवतो. आमचा रोज वर चढे. पावसाचे साठविलेले पाणी मिसळले तेव्हा कुठे तो आवरला.

मार्चपर्यंत झाडे दृष्ट लागण्याजोगी होती. मग सोलापूरचा उन्हाळा आला. कडक उष्म्यात मिरचीची फुले गळतात, हे आम्ही वाचले होते. मुळांचे काय होते ते पाहिले नव्हते. पाणी जितके तापेल तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. एका दुपारी चार तास वीज गेली, पंप थांबला, आणि आठवड्याभरात पांढरी मुळे तपकिरी होऊन बुळबुळीत झाली. बाराही झाडे गेली. घरची मंडळी त्या दिवशी काही बोलली नाहीत, हेच अधिक लागले.

आमची चूक परक्या हवेतली रीत जशीच्या तशी उचलण्यात होती. विजेवाचून चालणारी रीत आपल्याच देशात होती. शोल्टो डग्लस यांनी १९४० नंतरच्या दशकात बंगालात खडी-वाळूच्या वाफ्यांत, पंपाशिवाय, कोरडी खते शिंपडून पिके काढली आणि १९५१ साली त्यावर पुस्तक लिहिले. दुसऱ्या वर्षी आम्ही बादल्यांत काळ्या दगडाची बारीक खडी आणि नारळाच्या काथ्याचा भुसा भरला. (चुनखडी नको, ती सामू बिघडविते.) बादल्यांना ओले गोणपाट गुंडाळले, वर हिरवी जाळी टाकली, आणि रोपे गणपतीनंतर लावली, म्हणजे बहर थंडीत येतो. ऐन भरात एक झाड दिवसाला लिटरभर पाणी घेई. पाणी फुकट मिळाले असे नव्हे. पण वाया गेले नाही.

आता चवीचे. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘तिखट मिरचीशेजारी लावली म्हणून ही तिखट झाली.’ तसे होत नाही. शेजारचा पराग लागला तरी त्या फळाची चव पालटत नाही. त्यातले बी पेरल्यावर पुढल्या पिढीत फरक दिसतो. जात थोडी तिखट असेल तर झाडाला उन्हाचा आणि तहानेचा ताण बसल्यावर तिखटपणा वाढू शकतो. तो मुख्यत्वे बियांना धरणाऱ्या पांढऱ्या गाभ्यात असतो. काकूंना आम्ही एवढेच सुचविले, की गाभा काढून शेंगदाण्याचे कूट भरा आणि मग तळा.

रोपे मंडपाच्या दाराशी ठेवली आहेत. मात्र ज्यांना आजच लावायची घाई आहे, त्यांनी ती नेऊ नयेत; भाद्रपदात यावे.