खाच कुणाच्या बापाची?

(लोहा इथं तरुणांपुढं केलेलं भाषण)



गोदीत पेटी पाठीवर घेताना आत काय हाय हे हमालानं विचारायचं नसतं. आज मी एका पेटीच्या आतलं सांगणार आहे. मी मॅट्रिक झालेला माणूस. इंजिनिअर नाही. तरी सांगणार.

१९८१ साली आयबीएम या अमेरिकन कंपनीनं पीसी बाजारात आणला. घाई होती, म्हणून सुटे भाग बाजारातनंच उचलले. आतल्या जोडणीचे नकाशे पुस्तकात छापून विकले. पेटीत रिकाम्या खाचा ठेवल्या. कुठल्या पिनेवर कुठला सिग्नल, सगळं उघड. कुणीही कार्ड बनवावं, खोचावं. याला म्हणतात खुलं मानक.

त्या पेटीला मराठी येत नव्हती. कानपूरच्या आयआयटीत जिस्टचं काम झालं, ते १९८८ पासून पुण्याच्या सी-डॅकनं पुढं नेलं. जिस्टचं कार्ड खाचेत बसवलं की इंग्रजी पडद्यावर काना, मात्रा, वेलांटी उमटायची. त्यासाठी आयबीएमच्या दारात हात जोडून उभं राहायची गरज नव्हती. खाच खुली होती ना!

पण मालकाला हे खपतंय व्हय? दुसऱ्या कंपन्या तसलेच पीसी स्वस्तात विकत होत्या. १९८७ साली आयबीएमनं पीएस/२ काढला, त्यात नवी खाच : मायक्रो चॅनेल. जुनं कार्ड बसेना. खाच वापरायची तर परवाना घ्या, पैसे मोजा. १९८८ साली नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि जुनी कार्डंही बसतील अशी ‘ईसा’ नावाची खाच जाहीर केली. मायक्रो चॅनेल पुढं टिकली नाही.

ही गोष्ट आपल्या ओळखीची आहे. महाडचं चवदार तळं नगरपालिकेनं १९२४ साली कागदावर खुलं केलं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली. मग सनातनी कोर्टात गेले. काय म्हणाले? तळं खाजगी आहे! पिढ्यान्‌पिढ्या गुरंढोरं पीत होती तेव्हा ते खाजगी नव्हतं. १९३७ साली हायकोर्टात त्यांचा दावा हरला.

फरकही सांगतो. त्या नऊ कंपन्यांनी काही क्रांती केली नाही. धंद्यापायी मालक मालकाशी भांडले. त्यांच्या भांडणावर आपण विसंबायचं नाही. तळं तीन वर्षं कागदावर खुलं होतं. ओंजळ पडेपर्यंत आपल्यासाठी ते कोरडंच होतं.

आज रिस्क-फाईव्ह नावाचं मानक आहे. प्रोसेसरला हुकूम कसे द्यायचे ते त्यात लिहिलंय, अन् ते कुणालाही वाचता येतं, परवान्याचे पैसे पडत नाहीत. त्यावर सी-डॅकनं ‘वेगा’ प्रोसेसर बनवले. पण आपल्या पोरापोरींना सांगतात, टायपिंग शिका, डेटा एन्ट्री करा, पोट भरेल. करा. पोट कुणाला सुटलंय? फक्त तिथंच थांबू नका. झाकण उघडा, नकाशा वाचा, कार्ड बनवा.

पेट्या आपण लई वाहिल्या. आता उघडायच्या.

जय भीम.