बहिणाबाईंचं चित्र बघताना

बडनेऱ्याहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बसलं, की अकोला, भुसावळ मागे पडून जळगाव येतं. वाटभर खिडकीत काळी माती आणि कपाशी. त्याच मातीत, जळगावजवळच्या आसोद्यात, १८८० साली कवयित्री बहिणाबाई चौधरींचा जन्म झाला. डोक्यावर पदर घेतलेला त्यांचा वयस्क चेहरा आपल्या ओळखीचा आहे. आज तो नीट बघू या.

आधी उजेड कुठून पडलाय ते शोधा. सुरकुती दिसते ती तिच्या कडेच्या सावलीमुळे. जुन्या स्टुडिओत निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून सुरकुत्या मिटवत. चेहरा देखणा व्हायचा, पण उन्हातल्या निंदणाची, वेचणीची वर्षं त्यातून निघून जायची. म्हणून बहिणाबाईंचं चित्र गुळगुळीत दिसलं, तर जरा थांबा.

मग हात बघा. कवीच्या हाती लेखणी द्यायचा रिवाज आहे. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. काम करता करता त्या गात, आणि मुलगा सोपानदेव, नात्यातले पीतांबर चौधरी ती गाणी उतरवून घेत. त्यामुळे त्यांच्या हाती जात्याचा खुंटाच शोभतो. पण मूठ आवळलेली आहे का? खांद्यात जोर उतरलाय का? मनगट सैल असेल, तर चित्रकारानं दळणारी बाई निरखलेली नाही.

शेवटी पाठीमागे काय आहे ते बघा. स्कॉटलंडचा रॉबर्ट बर्न्स हाही शेतकऱ्याचा मुलगा, स्वतः नांगर धरलेला कवी. १७८७ साली अलेक्झांडर नॅस्मिथनं त्याचं चित्र काढलं. अंगावर नीटनेटका कोट, आणि गावाकडची झाडं, आभाळ पाठीमागे. तिथे रान कवीच्या मागे उभं आहे. बहिणाबाईंच्या चित्रात ते चेहऱ्यावरच उमटलेलं असतं.

बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ साली छापून आली. आपलं पुस्तक त्यांनी पाहिलंच नाही. पुढे २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. चित्रातल्या त्या चेहऱ्याला यातलं काहीच ठाऊक नाही. म्हणून त्यांच्या डोक्यामागे तेजाचं वलय काढलेलं दिसलं, तर तेवढ्यावर हात धरा आणि खालचा चेहरा पुन्हा बघा. कामावरून आत्ताच उठून आलेली एक बाई तिथे तुमच्याकडे बघत असेल.